क्रमांक सांगता सांगता

काउंटडाउनच्या, म्हणजे आठवड्याची लोकप्रिय गाणी खालच्या क्रमांकापासून पहिल्यापर्यंत वाजवणाऱ्या रेडिओ कार्यक्रमाच्या, निवेदकाला बोलायला वेळ किती मिळतो हे आधी पाहायला हवं. त्याच्या तोंडून सहज निसटलेल्या ओळीची किंमत त्यानंतरच कळते. ‘अमेरिकन टॉप ४०’ हा कार्यक्रम ४ जुलै १९७० च्या शनिवार-रविवारी सुरू झाला तेव्हा तो तीन तासांचा होता. चाळीस गाणी आणि प्रत्येक गाणं तीन मिनिटांचं धरलं, तर १२० मिनिटं गाण्यांतच जातात. १८० मधून उरलेल्या साठ मिनिटांत जाहिराती, स्टेशनची ओळखधून, बातम्या आणि निवेदकाचं बोलणं हे सगळं बसवायचं. गाणी साडेतीन मिनिटांची झाली की चाळीस गाण्यांना १४० मिनिटं लागतात, चार मिनिटांची झाली की १६०. सत्तरच्या दशकात गाणी अशीच लांबत गेली आणि ऑक्टोबर १९७८ मध्ये तो कार्यक्रम चार तासांचा करावा लागला. तो तीनच तासांचा राहिला असता, तर चार मिनिटांच्या गाण्यांच्या हिशेबात दर गाण्यामागे जेमतेम तीस सेकंद उरले असते, तेही जाहिराती धरून.

एवढ्याशा जागेत आजचा क्रमांक, गायकाचं नाव, गेल्या आठवड्याचं स्थान आणि पुढे काय येणार याची चाहूल द्यायची. आणि तरीही ऐकणाऱ्याला वर्षानुवर्षं आठवतं ते भलतंच काहीतरी: निवेदक मध्येच हसला होता, एका गाण्याला चिडवून गेला होता, आकडा चुकला तेव्हा त्याने काय म्हणून सावरून घेतलं होतं. ही सहज ओळ नुसत्या हजरजबाबीपणातून येत नाही असं मला ठामपणे वाटतं. घड्याळ, कागद आणि यंत्र यांच्यावर हात बसलेला असतो, म्हणून ती सुचायला डोक्यात जागा राहते.

सगळ्यात आधी गाण्याच्या सुरुवातीचं संगीत. गायकाचा आवाज सुरू होण्याआधी वाद्यं किती सेकंद वाजतात, हा आकडा प्रत्येक गाण्याच्या नावापुढे लिहिलेला असतो. काही गाणी थेट आवाजानेच सुरू होतात, तिथे शून्य लिहायचं आणि गाणं लावण्याआधी सगळं बोलून संपवायचं. बाकीच्या गाण्यांत निवेदक त्या संगीतावर बोलतो आणि गायकाने तोंड उघडायच्या आत थांबतो. सावकाश, स्पष्ट मराठीत सेकंदाला साधारण दोन शब्द होतात. म्हणजे अकरा सेकंदांच्या सुरुवातीवर वीस-बावीस शब्द बसतात, पण लिहायचे अठराच, कारण श्वासाला जागा लागते आणि गायकाच्या अगदी मानगुटीवर थांबलं तर ऐकणाऱ्याला धाप लागते.

समजा एक गाणं चौथ्या क्रमांकावरून नवव्यावर आलं आहे. “गेल्या आठवड्यात हे गाणं चौथ्या क्रमांकावर होतं, आज नवव्यावर आहे. पाच पायऱ्या उतरलं, पण आवाजाला धाप लागलेली नाही.” हे अठरा शब्द आहेत. नऊ सेकंदांत ते संपतात आणि दोन सेकंद निव्वळ संगीत ऐकू येतं. आता हीच ओळ सात सेकंदांच्या सुरुवातीवर घ्यायची असेल, तर भरभर बोलून चालत नाही. भरभर बोललं की गंमत आधी मरते आणि आकडा नंतर. ओळच कापायची: “चौथ्यावरून नवव्यावर. पाच पायऱ्या उतरलं, पण आवाजाला धाप नाही.” नऊ शब्द, साडेचार सेकंद. नवे निवेदक इथेच अडकतात. त्यांना गमतीची कल्पना सुचते, तिची लांबी सुचत नाही. मग शेवटचा शब्द गायकाच्या पहिल्या शब्दावर आदळतो आणि ऐकणाऱ्याला दोन्ही कळत नाहीत.

क्रमाचाही प्रश्न आहे. गंमत आधी की आकडा आधी? माझं मत गंमत आधी, आकडा शेवटी. ऐकणारा आकड्यासाठी थांबलेला असतो. तो एकदा मिळाला की त्याचं लक्ष गाण्याकडे वळतं आणि त्यानंतर बोललेलं कितीही सुरेख असलं तरी वाया जातं. वरच्या उदाहरणात मात्र आकडे आधी आले, कारण तिथे गंमतच आकड्यांची होती आणि ते आधी सांगितल्याशिवाय पायऱ्या मोजताच आल्या नसत्या.

पायऱ्यांचं नाव काढलं की अमीन सयानींकडे यावंच लागतं. ‘बिनाका गीतमाला’ रेडिओ सिलोनवर ३ डिसेंबर १९५२ ला, बुधवारी रात्री सुरू झाली. तेव्हा आकाशवाणीने चित्रपटगीतं जवळजवळ बाजूला सारली होती आणि श्रोते सिलोनकडे वळले होते. सुरुवातीला ती अर्ध्या तासाची स्पर्धा होती. सात गाणी कुठल्याही क्रमाने वाजवायची, श्रोत्यांनी त्यांचा लोकप्रियतेचा क्रम लिहून पाठवायचा आणि बरोबर उत्तराला शंभर रुपयांचं बक्षीस. लिहिणं, सादर करणं, पत्रं तपासणं हे सगळं करायचं आणि आठवड्याला पंचवीस रुपये मिळायचे. अनुभवी मंडळी त्याला तयार नव्हती, म्हणून काम विशीच्या उंबरठ्यावरच्या सयानींकडे आलं. पहिल्याच कार्यक्रमाला नऊ हजार पत्रं आली आणि पुढे तो आकडा आठवड्याला पासष्ट हजारांपर्यंत गेला. एवढी पत्रं तपासणं अशक्य झालं, तेव्हा स्पर्धा बंद करून थेट क्रमवारीच सादर व्हायला लागली.

गीतमालेत क्रमांकाला पायदान म्हणत. गाणं पायदान चढतं, उतरतं, एकाच पायदानावर अडून बसतं, बाहेर गेलेलं परत येतं. सयानी गाण्यांबद्दल असं बोलत की ती जिवंत माणसं आहेत असं वाटावं, आणि त्यांचं हसरेपण मला यातच दिसतं. त्यांनी गायकाची टवाळी केली नाही, श्रोत्याची तर कधीच नाही. हसू यायचं ते गाण्याच्या चढउतारावर, आणि चढउतार घडवणारे श्रोतेच होते. “बहनों और भाइयों” म्हटल्यावर पुढे येणारं वाक्य किती साध्या हिंदीत असायचं हे नव्या निवेदकांनी जरूर ऐकावं. एका श्वासात मावेल एवढं वाक्य, त्यात एकच माहिती, आणि आवाजात हसू.

आणखी एक गोष्ट. गीतमाला सिलोनवरून ऐकू यायची, पण ध्वनिमुद्रण मुंबईत व्हायचं आणि टेप विमानाने कोलंबोला जायच्या. म्हणजे श्रोत्याला त्या क्षणी सुचल्यासारखं वाटणारं वाक्य बोलून झाल्याला काही दिवस लोटलेले असत. सहजता लिहिता येते याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. फक्त ती बोलण्यासाठी लिहावी लागते. कागदावर ‘परंतु’ लिहिलं की तोंडातूनही ‘परंतु’च येतं. कागदावरच ‘पण’ लिहिलेलं असलं पाहिजे.

पत्रांनी तर गमतीचा निराळाच झरा पुरवला. झुमरी तलैया हे तेव्हाच्या बिहारमधलं, आताच्या झारखंडमधलं, अभ्रकाच्या खाणींचं गाव. फर्माइशी पाठवणाऱ्यांत या गावाचं नाव इतक्या वेळा यायचं की असं गाव खरोखर आहे का, अशी शंका लोकांना यायला लागली. नावांची लांबलचक यादी वाचताना निवेदकाला लय सांभाळावी लागते. तीन-तीन नावांचे गट करायचे, प्रत्येक गटाच्या शेवटी आवाज किंचित खाली आणायचा आणि गावाचं नाव सुटं म्हणायचं. सगळी नावं एकाच सुरात वाचली की हजेरी होते. लय जमली की नुसत्या गावाच्या नावावरही लोक खुदकन हसतात, आणि त्या हसण्यात त्या गावाबद्दल माया असते.

आता यंत्रांकडे. जिवंत प्रसारणातल्या उत्तम सहज ओळी बिघाडातूनच आल्या आहेत, आणि प्रत्येक बिघाडाचं स्वतःचं मोजमाप असतं. तबकडीच्या काळात सर्वांत हमखास होणारी चूक वेगाची. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांची तबकडी ४५ वर लागली की गाणं १.३५ पट वेगाने धावतं आणि सूर पाच अर्धस्वरांहून थोडा अधिक वर चढतो. भारदस्त गायकाचा आवाज लहान मुलासारखा होतो. उलट झालं, ४५ ची तबकडी ३३⅓ वर लागली, की गाणारी बाई पुरुषासारखी गुरगुरते. चूक लक्षात आली की फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करणारी सरकपट्टी, साधारण एका सेकंदात खाली आणायचा. झटक्यात बंद केला तर श्रोत्याला वाटतं स्टेशनच गेलं. मग वेगाचा खटका बदलायचा, सुई पुन्हा आरंभी ठेवायची, पहिला आवाज हाताने शोधायचा आणि तबकडी अर्धा फेरा मागे घ्यायची. हा अर्धा फेरा विसरला की गाणं सुरू होताना सूर हेलकावतो, कारण तबकडीला पूर्ण वेग पकडायला तेवढं अंतर लागतं. हात सरावलेले असले तरी या सगळ्याला सात-आठ सेकंद जातात.

त्या सात-आठ सेकंदांत मायक्रोफोन उघडा असतो आणि निवेदकाजवळ लिहिलेलं काही नसतं. हात सुईवर, डोळे तबकडीवर, तोंड मोकळं. सोळा शब्दांची जागा. अशा वेळी माफी मागत बसणारा निवेदक श्रोत्याला अवघडून टाकतो. जे ऐकू आलं त्याचं नुसतं नाव घेणारा सगळ्यांना हसवतो: “एवढ्या घाईत वर चढायचं नसतं. गाणं परत खाली घेतो, दमाने येऊ द्या.” श्रोत्याने ऐकलेलंच वाक्यात आलं, क्रमवारी त्यात आली, आणि तोवर सुई जागेवर पोहोचली. त्या क्षणी श्रोत्याने न ऐकलेल्या गोष्टीवर विनोद करू नये. स्टुडिओत काय सांडलं, तंत्रज्ञाने काय तोंड केलं, हे रेडिओवर दिसत नाही.

सुई अडकण्याचं गणित वेगळं. ३३⅓ च्या तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, ४५ च्या तबकडीचा १.३३ सेकंदांचा. त्याच खाचेत सुई फिरत राहिली की तेवढाच तुकडा पुन्हापुन्हा येतो. पहिल्या पुनरावृत्तीला श्रोत्याला वाटतं गाणंच तसं आहे, दुसऱ्या वेळी शंका येते, तिसऱ्या वेळी खात्री पटते. पाच-साडेपाच सेकंदांत निवेदकाने काही केलं तर गंमत राहते. वीस सेकंद गेले की ऐकणारा चिडतो. उशीर होण्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं: पुढचं निवेदन वाचून घेण्यासाठी निवेदकाने स्टुडिओतला स्पीकर बारीक केलेला असतो. म्हणून गाणं चालू असताना एका कानावर हेडफोन ठेवायचाच. सुईच्या टोकाजवळ बोटाने अगदी हलका पुढचा रेटा दिला की बहुधा ती पुढची खाच पकडते, आणि गाणं संपल्यावर एक वाक्य पुरतं: “त्या एका ओळीने आज चार वेळा मतं मागितली.”

यंत्राहून जास्त घसरते ती जीभ. चाळिसांच्या काउंटडाउनमध्ये प्रत्येक क्रमांक तीनदा तरी उच्चारला जातो: गाणं येण्याआधीच्या चाहुलीत, गाण्याच्या सुरुवातीला आणि संपल्यावर. त्यात गेल्या आठवड्याचा क्रमांक मिळवला की १६० आकडे झाले. एवढ्या आकड्यांत एखादा चुकणारच. कागदावर आजचा आणि गेल्या आठवड्याचा आकडा शेजारी, सारख्याच आकारात लिहिला की जीभ हटकून चुकीचा उचलते. आजचा डावीकडे, मोठा आणि लाल. मागचा उजवीकडे, लहान आणि काळा. एवढ्याने निम्म्या चुका टळतात. मराठीत उलटं मोजताना एकोणचाळीस आणि एकोणतीस हे दोन आकडे विशेष त्रास देतात, कारण तोंड ‘एकोण’ म्हणून मोकळं होतं आणि मेंदू पुढचं दशक शोधत राहतो. तेवीस-तेहेतीस आणि पंचवीस-पस्तीस या जोड्या रेडिओच्या खरखरीतून ऐकणाऱ्याला सारख्याच वाटतात. तिथे आकडा सावकाश आणि दोनदा म्हणावा.

चूक झालीच तर लगेच, एका वाक्यात दुरुस्त करायची: “तेवीस म्हणालो का मी? हे तेहेतिसावं आहे. दहा पायऱ्या फुकट चढवल्या, परत खाली आणतो.” गाणं संपेपर्यंत थांबलं तर तोवर अर्ध्या श्रोत्यांनी चुकीचा आकडा वहीत लिहून घेतलेला असतो. काउंटडाउन ऐकणारे खरोखर वह्या ठेवतात. त्यांच्यासाठी तो आकडा नोंद असते, म्हणून विनोदाच्या भरात खरा आकडा धूसर ठेवणारा निवेदक मला आवडत नाही.

हसू आवरेनासं होतं तेव्हा काय करायचं, हे कुणी फारसं शिकवत नाही. निवेदक हसू दाबायला श्वास रोखतात आणि तिथेच चुकतात. रोखलेला श्वास पुढच्या शब्दाबरोबर फुटतो आणि सगळं वाक्य हसण्यात जातं. कन्सोलवर, म्हणजे निवेदकासमोरच्या नियंत्रणाच्या फळीवर, खोकल्यासाठी एक बटण असतं. दाबून धरलं की मायक्रोफोन बंद, सोडलं की चालू. ते दाबायचं, श्वास पूर्ण बाहेर टाकायचा, अर्धा आत घ्यायचा आणि नेहमीपेक्षा खालच्या पट्टीत आकड्यापासून सुरुवात करायची. आकडा हा कोरडा शब्द असतो, त्यावर पाय टेकता येतो. गायकाच्या नावापासून सुरुवात केली आणि त्याच नावावर हसू आलेलं असलं, तर पुन्हा तिथेच घसरण होते.

टेपच्या काळात हसू कापलंही जायचं. सेकंदाला पंधरा इंच वेगाने फिरणाऱ्या टेपवर दोन सेकंदांचं हसणं म्हणजे तीस इंच फीत. तंत्रज्ञ दोन्ही चकत्या हाताने मागेपुढे हलवून हसण्याचा आरंभ शोधायचा, फितीच्या पाठीवर मेणाच्या पेन्सिलीने खूण करायचा, खाचेच्या ठोकळ्यात फीत बसवून ब्लेडने तिरका छेद घ्यायचा आणि दोन टोकं चिकटपट्टीने जोडायचा. छेद तिरका अशासाठी की एका आवाजातून दुसऱ्यात जाताना टक् असा आवाज होऊ नये. खरी चूक व्हायची श्वासाची. हसण्याच्या आधीचा श्वास राहिला आणि नंतरचाही राहिला, की निवेदक लागोपाठ दोनदा श्वास घेताना ऐकू येतो. काय बिघडलं ते श्रोत्याला सांगता येत नाही, पण कान अडखळतो. दोन्ही श्वास कापले तर माणूस श्वासच घेत नाही असं वाटतं. हसण्यानंतरचा श्वास काढून आधीचा ठेवायचा, कारण नंतरच्या श्वासात हसण्याची थरथर शिल्लक असते. आता हे संगणकाच्या पडद्यावर लाटा बघून होतं, पण श्वासाचा नियम तोच आहे.

मात्र सगळीच हसणी कापावीत का? हसण्याने आकडा किंवा नाव झाकलं गेलं नसेल, तर ते राहू द्यावं असं माझं मत आहे. तीन तासांच्या कार्यक्रमात दोन-तीनदा आलेलं खरं हसू निवेदकाला श्रोत्याच्या जवळ आणतं. दर दहा मिनिटांनी येणाऱ्या हसण्याला कात्री लावलेलीच बरी.

कापून टाकलेल्या फितींतली सर्वांत गाजलेली फीत केसी केसम यांची. कसून तयारी केलेला, मखमली आवाजाचा हा ‘अमेरिकन टॉप ४०’चा निवेदक. ‘स्कूबी-डू’ मधल्या शॅगीचा आवाजही त्यांचाच. त्यांच्या कार्यक्रमात १९७८ पासून श्रोत्यांची पत्रं वाचून दूरच्या माणसासाठी गाणं लावलं जायचं. सप्टेंबर १९८५ च्या एका भागाच्या ध्वनिमुद्रणात त्यांच्यासमोर एका घरातल्या मेलेल्या कुत्र्याबद्दलचं पत्र आलं, आणि त्याच्या लगेच आधी ठेवलेलं होतं एक उडतं, नाचरं गाणं. दोन-चार वाक्यांतच केसम थांबले आणि भडकले. शिव्याही दिल्या. ती फीत हातोहात पसरली, आणि इतका गोड माणूस असं बोलतो म्हणून लोक आजवर हसत आले आहेत.

मला त्या फितीत एक रास्त तक्रार ऐकू येते. नाचऱ्या गाण्याच्या शेवटच्या ठोक्यावरून थेट मृत्यूच्या पत्रावर येणं कुठल्याही आवाजाला जमत नाही. गाण्याची लय श्रोत्याच्या पायात आणखी आठ-दहा सेकंद राहते आणि त्या सेकंदांत बोललेलं दुःख खोटं वाटतं. उपाय क्रम लावणाऱ्याच्या हातात असतो. असं पत्र हळूहळू विरत जाणाऱ्या गाण्यानंतर ठेवायचं. क्रमवारीमुळे ते शक्य नसेल तर मध्ये जाहिराती घालायच्या, निदान ओळखधून आणि दहा-पंधरा सेकंदांचं संथ संगीत. केसम हेच मागत होते, फक्त रागाने. त्यांच्या आणखी एका फितीत ते यू२ या बँडची ओळख करून देताना त्यांना इंग्लंडचे म्हणतात आणि मग वैतागून म्हणतात की हे कळून कुणाला काय फरक पडतो. बँड डब्लिनचा, आयर्लंडचा. १९९१ मध्ये एका दुसऱ्या बँडने त्या फितीचे तुकडे आपल्या ध्वनिमुद्रणात वापरले आणि प्रकरण खटल्यापर्यंत गेलं. स्टुडिओतला लाल दिवा बंद आहे म्हणून मायक्रोफोनसमोर काहीही बोलावं असं नसतं, कारण फीत फिरत असते. तंत्रज्ञाशी बोलायचं असेल तर काचेपलीकडे बोलण्यासाठी वेगळं बटण असतं, ते वापरावं.

ब्रिटनमध्ये बीबीसी रेडिओ वनची क्रमवारी रविवारी संध्याकाळी लागायची. जुलै २०१५ मध्ये ती शुक्रवारी गेली. तिथल्या कितीतरी मुलांनी कॅसेटवर ही गाणी टिपली, पॉजच्या बटणावर बोट ठेवून. निवेदक सुरुवातीच्या संगीतावर बोलला की त्यांचा जीव खालीवर व्हायचा, कारण बोलणं गाण्यासकट कॅसेटवर यायचं. पण अशा कॅसेटी शंभरदा ऐकल्यावर ते बोलणं त्या गाण्याचाच भाग होऊन जातं. म्हणूनच गाण्यावर बोलायची ओळ शंभराव्यांदा ऐकवेल अशी हवी. दिवसाची बातमी, हवामान, चालू भांडण यांवरची गंमत गाणी नसलेल्या जागेसाठी ठेवावी.

एकच गाणं आठवडेच्या आठवडे पहिलं राहतं तेव्हा निवेदकाची खरी परीक्षा होते. १९९१ मध्ये ब्रायन ॲडम्सचं एक गाणं ब्रिटनच्या यादीत सलग १६ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. सोळाव्या आठवड्यात त्याच्याबद्दल नवं काय सांगणार? अमेरिकेत १९३५ पासून ‘युअर हिट परेड’ चालायची. तिथे तबकड्या वाजत नसत, कार्यक्रमातले गायक त्या आठवड्याची गाणी स्वतः गात. पन्नाशीच्या दशकात ती टीव्हीवर आली, तेव्हा तेच गाणं दर आठवड्याला नव्या प्रसंगात, नव्या नेपथ्यात बसवताना त्यांची दमछाक व्हायची. रेडिओवरच्या निवेदकाजवळ नेपथ्य नसतं. त्याने पहिल्या आठवड्यातच सगळी माहिती उधळून टाकू नये. गायकाबद्दलची, वादकाबद्दलची, ध्वनिमुद्रणाबद्दलची एकेक गोष्ट वेगळ्या कागदावर लिहून ठेवावी आणि आठवड्याला एकच खर्च करावी. साठा संपला की बाजूच्या गाण्यांकडे पाहावं: दुसऱ्या क्रमांकावर किती जण येऊन थांबले आणि वाट पाहून निघून गेले, यात एरवी न सुचणारी गंमत असते.

आता बरेच निवेदक गाणी न ऐकताच नुसते बोलण्याचे तुकडे ध्वनिमुद्रित करतात आणि संगणक ते गाण्यांमध्ये बसवतो. तीन तासांचं बोलणं अर्ध्या-पाऊण तासात उरकतं, पण आवाजातली ऊर्जा आधीच्या गाण्याशी जुळत नाही. संथ गाण्यानंतर निवेदक ओरडत येतो किंवा उडत्या गाण्यानंतर पेंगत. आधीच्या गाण्याचे शेवटचे दहा सेकंद आणि पुढच्याचे पहिले पंधरा सेकंद हेडफोनवर ऐकत बोललं, तर काम थोडं लांबतं, पण सहज ओळ सुचण्याची शक्यता परत येते. “किती लांबलं हे गाणं” असं मात्र अशा कार्यक्रमात म्हणू नये. वेळ जमवायला संगणकाने नेमकं तेच गाणं छाटलेलं असू शकतं.

आणि शेवटी मागून मोजणं. तास ५९ मिनिटं ५० सेकंदांवर संपवायचा असेल आणि पहिल्या क्रमांकाचं गाणं ४ मिनिटं १० सेकंदांचं असेल, तर निरोपाला वीस सेकंद धरून ते ५५ मिनिटं २० सेकंदांवर सुरू व्हायला हवं. त्याआधीचा गजर, आकडा आणि नाव यांना पंचवीस सेकंद धरले, तर बोलायला ५४ मिनिटं ५५ सेकंदांवर तोंड उघडायचं. या वेळा कागदाच्या तळाशी आधीच लिहून ठेवतात. गाणं विरत संपणारं असेल तर थोडं मागेपुढे चालतं, ठोक्यावर संपणारं असेल तर नाही. हिशेब बरोबर असूनही पाच-सात सेकंद जास्तीचे उरतातच, आणि कार्यक्रमातली सर्वांत मोकळी ओळ बहुतेक वेळा तिथेच येते. केसम यांच्याजवळ त्यानंतर म्हणायला एक ठरलेलं वाक्य होतं: पाय जमिनीवर ठेवा आणि हात ताऱ्यांकडे जाऊ द्या, अशा अर्थाचं. प्रत्येक निवेदकाने असं एक वाक्य पाठ करून त्याचे सेकंद मोजून ठेवावेत. ते चार सेकंदांचं असेल, तर आधीची सहज ओळ ५९ मिनिटं ४६ सेकंदांपर्यंत कुठेही भटकू शकते.